उंबरडोहची पंगत

ईश्वरदासचा हात चांगला होता, आणि त्याच्याकडून जे पाप झालं तेही त्या चांगल्या हातानेच झालं. अक्षर वाईट असतं तर साहेबांनी तोच मजकूर दोनदा वाचला असता, एखादी शंका काढली असती, खुलासा मागवला असता. ईश्वरदासचं लिखाण दिसायचं छापल्यासारखं. आणि छापलेलं खोटं असू शकतं, यावर आपल्याकडे अजून कोणाचा विश्वास बसत नाही.

नागपूरच्या टिमकी मोहल्ल्यातल्या विणकराचा तो मुलगा. बाप भैयाजी. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार, आणि माग दिवसेंदिवस संसाराला भारी होत चाललेला. गिरणीच्या कापडापुढे हातमागाचं काय होतं ते टिमकीत कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. पोराने या मागावर बसू नये, एवढीच भैयाजींची एक इच्छा उरली होती. म्हणून त्यांनी त्याला आयटीआयमध्ये घातलं, नकाशे काढणाऱ्या आरेखकाचा कोर्स करवला, आणि पंचाहत्तर साली त्याला एका सरकारी नकाशा ऑफिसात वर्षभरासाठी शिकाऊ म्हणून घेतलं तेव्हा मोहल्ल्यात पेढे वाटले.

काम मोठं होतं. नागपूरच्या पूर्वेला, मौद्याच्याही बऱ्याच पुढे, एक जंगल नुकतंच राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालं होतं. जाहीर करायला एक कागद पुरतो. पण त्या जंगलात नाले कुठे, टेकड्या कुठे, गावं किती, हे सांगणारा नकाशा इंग्रजांच्या काळातला, अर्धा उंदरांनी खाल्लेला. नवा करायचा होता. तीन शिकाऊ पोरं घेतली होती. वर्षाअखेरीस त्यातला एक कायम होणार होता. आणि जो कायम होईल त्याचं नाव नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात येणार होतं: ‘आरेखक’ म्हणून, अमुक अमुक. ईश्वरदासने तसं आपलं नाव वहीच्या शेवटच्या पानावर पंचवीस वेळा लिहून पाहिलं होतं. हसण्यासारखं काही नाही. त्या वयात आपण सगळेच असल्या गोष्टी करतो.

तर तीन महिने जंगलात मोजणी आणि नंतर ऑफिसात शाई, असा बेत होता. मोजणीला त्याच्यासोबत वरिष्ठ सर्वेअर चंपतराव. मोजणीतला खरा पक्का माणूस. मोजणीची साखळी ओढणाऱ्यांना पाऊलभर इकडेतिकडे होऊ द्यायचा नाही. पण त्याच्या मुलीचं लग्न चैत्रात ठरलं होतं, आणि मोजणी तर आठ दिवस मागे पडलेली. चंपतराव वाईट नव्हता, घाईत होता. वाईट माणसापासून आपण सावध तरी असतो.

पहिल्याच दिवशी तंबूत चंपतरावाने पोराला गावांचं गणित सांगितलं होतं. उद्यानाच्या हद्दीतली गावं आज ना उद्या उठणारच. नकाशावर जे वस्तीचं गाव म्हणून दाखवलं, त्याला बाहेर दुसरी जमीन मिळेल, घरासाठी जागा मिळेल. जे गाव उजाड झालंय, माणूसच उरलेला नाही, त्याला म्हणायचं रिठी. रिठीला काही मिळत नाही, कारण घ्यायलाच कोणी नसतं. म्हणून प्रत्येक गावात जायचं, डोळ्यांनी पाहायचं, जवळपासच्या दोन माणसांचा अंगठा घेऊन पंचनामा करायचा, आणि अंगठा घेण्याआधी तो मोठ्याने वाचून दाखवायचा. वाचून दाखवणं ही ईश्वरदासची जबाबदारी, कारण लिहायचा तोच.

होळीच्या आधीच्या मंगळवारी ते उंबरडोहला पोचले. जुन्या नकाशावर त्या नावाशेजारी एक ठिपका होता. सोबतचा वनरक्षक नुकताच बदलून आलेला. त्याला स्वतःच्या नाक्याचा रस्ता धड माहीत नव्हता, तर गावाचं काय सांगणार? साखळीवाले दोघे नागपूरचे. गावाच्या तोंडाशीच सगळे थबकले. वीसेक घरं, मातीच्या भिंती, वर कवेलू, आणि माणूस एकही नाही. एकाही घरातून धूर नाही. गुरं नाहीत, कोंबडी नाही, कुत्रंसुद्धा नाही. दारं ओढून घेतलेली आणि प्रत्येक दाराला बोरीची काटेरी फांदी आडवी लावलेली. चंपतरावाने दोन हाका मारल्या. हाक समोरच्या टेकडीवरून परत आली, बाकी काही नाही. गाव उठून कुठेतरी निघून गेलंय, असं तो म्हणाला, आणि मोजणीचं प्लेन टेबल मांडायला सांगितलं.

ईश्वरदास पाणी प्यायला विहिरीकडे गेला. विहिरीच्या काठावर दोर गुंडाळून ठेवला होता. त्याने हातात घेतला, तर दोर ओला.

त्याने आजूबाजूला पाहिलं. विहिरीजवळच्या घराचा ओटा शेणाने सारवलेला होता, आणि सारवणावर बोटांच्या ओळी अजून ताज्या होत्या. हे सगळं त्याने पाहिलं, नीट पाहिलं, आणि चंपतरावाला येऊन सांगितलंही. चंपतराव टेबलावरच्या आलिडेडच्या नेम धरायच्या फटीवरून डोळा न काढता म्हणाला की गुराखी येतात, पाणी काढतात, रिठीतल्या विहिरींचं असंच असतं. बोलणं पटण्यासारखं होतं. सारवणाचं काय, हे मात्र ईश्वरदासने विचारलं नाही. बारा वाजत आले होते आणि सकाळपासून पोटात फक्त चहा होता.

गावापासून कोसभर, नाल्याच्या पलीकडे, मोहाच्या झाडांखाली धूर दिसला म्हणून ते तिकडे गेले. तिथे जत्राच भरली होती. बायका, पोरं, म्हातारे, गुरं, पिंजऱ्यात पोपट, डालीत कोंबड्या. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजणं चाललं होतं, मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती. चंपतरावाला वाटलं, सालईचे लोक वनभोजनाला आलेत. सालई हे दोन कोसांवरचं मोठं गाव. कुठले तुम्ही, असं त्याने विचारलंही. पांढऱ्या मिशांचा, डोक्याला लाल फडकं गुंडाळलेला एक म्हातारा पुढे झाला, रामाजी त्याचं नाव, आणि तो म्हणाला, “आमी इथलेच.” सालई जवळच होतं, तेव्हा इथले म्हणजे सालईचे.

मग चंपतरावाने खरा प्रश्न विचारला. नाल्याच्या त्या बाजूच्या गावात कोण राहतं?

रामाजीने मागे वळून गावाच्या दिशेला पाहिलंसुद्धा नाही. “तिथं कोनी नाही राहत, साहेब,” तो म्हणाला. मागच्या बायकांमधून एकीने तेच पुन्हा म्हटलं, आणि मग पोरांनीही, शाळेत पाढा म्हणावा तसं. कोनी नाही. कोनीच नाही.

आता इतक्या माणसांनी एका सुरात सांगितल्यावर सर्वेअर काय करणार? ईश्वरदासला तो सूर जरा विचित्र वाटला होता, हे तो पुढे कबूल करायचा. पण तेव्हा रामाजीच्या बायकोने, भागीरथाबाईने, पळसाच्या पत्रावळी मांडल्या आणि साहेब लोकांना आधी वाढायचं असं जाहीर केलं. ईश्वरदास संकोचाने बाजूला उभा होता. रामाजीने त्याच्या दंडाला धरून त्याला पंगतीत बसवलं.

“बस गा बापू, लाजते कायले? आजच्या दिवशी जो या पंगतीले बसला तो आमच्या गावचा. त्याचं बरंवाईट आता आमच्याकडं.”

रोडगा फोडून त्यात तूप घातलेलं, वर वांग्याची तिखट भाजी. ईश्वरदास तीन रोडगे जेवला. भागीरथाबाई वाढताना त्याच्या आईचं नाव विचारत होती, माहेर कोणतं विचारत होती. त्याने उमरेड सांगितलं तर तिला एवढा आनंद झाला, जणू उमरेड तिच्या परसातच होतं.

पंचनामा त्याने जेवायच्या आधीच लिहून ठेवला होता. ‘मौजे उंबरडोह हे गाव कायमचे ओसाड असून तेथे कोणीही इसम राहत नाही, सबब रिठी.’ खाली साक्षीदारांची नावं. त्यापुढे ‘राहणार’ असा रकाना होता, तिथे त्याने कोणाला न विचारता ‘सालई’ भरलं. जेवण झाल्यावर चंपतराव घाई करू लागला, उन्हं उतरायच्या आत पुढची टेकडी गाठायची होती. ईश्वरदासने शाईची डबी पुढे केली. रामाजीने विचारलं, हे काय? ईश्वरदास म्हणाला, काही नाही, तुम्ही आत्ता सांगितलं तेच. रामाजीने आणि दुसऱ्या एका म्हाताऱ्याने अंगठे उमटवले. वाचून दाखवणं राहिलं. म्हणजे राहिलं असं नव्हे, त्याने दाखवलं नाही. पोट भरलेलं होतं, हात तुपाचा होता, आणि सगळं एवढं उघड होतं की वाचायची गरज वाटली नाही. ‘कायमचे ओसाड’ हे दोन शब्द जर त्या मोहाखाली मोठ्याने म्हटले गेले असते, तर भागीरथाबाईने त्याच्या हातातला कागद ओढून चुलीत घातला असता.

जूनमध्ये तो नागपूरला परतला आणि शाईच्या कामाला बसला. ट्रेसिंग क्लॉथवर आधी नाले, मग टेकड्यांच्या रेषा, मग गावं. सीताबर्डीतून त्याने स्वतःसाठी एक नवं रूलिंग पेन आणलं होतं आणि ते कोणाला हात लावू द्यायचा नाही. उंबरडोहशी त्याने तुटक गोल काढला आणि आत बारीक अक्षरांत ‘रिठी’ लिहिलं. सालईला भरीव काळे चौकोन. चंपतरावाने पाठ थोपटली. बाकीची दोन पोरं त्याच्यापुढे काहीच नव्हती, हे आता शिपायालाही कळलं होतं.

एका रविवारी भैयाजी मागावर बसले होते आणि तो शेजारी बसून जंगलातल्या गोष्टी सांगत होता. वाघाचा माग, अस्वलाने फाडलेला तंबू, आणि बोलता बोलता ती रिकाम्या गावाची आणि रोडग्यांची गोष्ट. आई कुसुमावती स्वयंपाकघरात होती. ती हात पुसत बाहेर आली.

“दाराले बोरीचे काटे होते काय रे?”

होते, तो म्हणाला.

“मंगयवार होता?”

होता.

आई खाली बसली. तिच्या माहेरीही ती रीत होती, ती सांगू लागली, तिची आजी होती तोवर. गाव खाली करायचा मंगळवार. एकदा पटकीने अर्धं गाव गेलं, तेव्हापासून. वर्षातून एक दिवस, सूर्य उगवायच्या आत माणूस, जनावर, कोंबडी, सगळं शिवेच्या बाहेर. त्या दिवशी मातामाय, रोगराईची देवी, गावातून फिरते. तिला कोणी दिसलं नाही तर ती वर्षभर पुन्हा येत नाही. आणि त्या दिवशी कोणी विचारलं तर गावाचं नाव घ्यायचं नाही, गावात कोणी राहतं असं चुकूनही म्हणायचं नाही. कोणी नाही राहत, असंच सांगायचं. लेकराबाळांनाही तेच शिकवलेलं असतं. सूर्य बुडाला की पुन्हा घरी.

विहिरीवरचा तो ओला दोर ईश्वरदासला एकदम हातात असल्यासारखा वाटला.

भैयाजींनी माग थांबवला. ते फारसं बोलणारे नव्हते, आणि जे बोलायचे ते मागावरचंच. “धागा तुटला तं तिथंच गाठ मारा लागते, बाबू. तसंच विणत पुढं गेलं तं मंग गाठ नाही चालत, कापड फाडा लागते. उद्याच जा अन् सांग.”

तो दुसऱ्या दिवशी गेला आणि चंपतरावाला सांगितलंही, हे त्याच्या बाजूने मांडायला हवं. चंपतरावाच्या बोटात चैत्रातल्या लग्नात व्याह्यांनी दिलेली अंगठी होती. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच विचारलं: पंचनामा वाचून दाखवला होता ना? कारण वाचून दाखवला असेल तर चूक त्या लोकांची, आपल्याला पुन्हा जाऊन नवा पंचनामा करता येईल, कधी सवड झाली म्हणजे. वाचला नसेल तर मात्र तो खोटा दस्तऐवज, आणि कायम व्हायचं सोड, घरी बसावं लागेल. बोल, वाचला होता ना?

“हो,” ईश्वरदास म्हणाला.

मग झालं तर, चंपतराव म्हणाला, बघू पावसाळ्यानंतर. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे काय उगाच म्हणतात? संध्याकाळी घरी भैयाजींनी विचारलं, तेव्हा सांगितलं म्हणून ईश्वरदास म्हणाला. तेही खरंच होतं. अर्धं खरं किती सोयीचं असतं, ते त्याला त्या दिवशी समजलं.

पावसाळ्यानंतर चंपतरावाला सवड झाली नाही. नकाशाचे छाप निघाले, अमोनियाचा वास ऑफिसभर चार दिवस रेंगाळला. छाप मुंबईला गेले, दिल्लीला गेले. दिवाळीनंतर सालईला आणि आणखी दोन गावांना जमिनीच्या नोटिसा आल्या. उंबरडोहला एक शिपाई आला आणि त्याने सांगितलं की तुम्ही राखीव जंगलात बेकायदा घुसलेले लोक आहात, होळीपर्यंत निघा.

उंबरडोह हे मुळात कोण्या जुन्या ठेकेदाराने लाकूडतोडीला वसवलेलं गाव. तीन पिढ्या झाल्या होत्या, पण सातबारा कोणाच्या नावाचा नव्हता, आणि मतंही सालईच्या यादीत. सरकारच्या लेखी ते कुठे असलं तर त्या नकाशातच असणार होतं, दुसरीकडे कुठेच नाही. रामाजीला कोणीतरी सांगितलं की नागपूरच्या ऑफिसात चुकून झालंय, तिथे जा. तो एसटीने आला, डोक्याला तेच लाल फडकं, खांद्यावर घोंगडी. व्हरांड्यात ईश्वरदासला पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. घरचंच माणूस भेटलं, त्याला वाटलं. आता काळजी कसली!

मोठ्या साहेबांनी दोघांना आत बोलावलं. चंपतरावही उभा होता. साहेब बाहेरच्या प्रांतातले, पण कामाला सरळ. त्यांनी फाइल मागवली, पंचनामा काढला, आणि मराठीतून सावकाश विचारत गेले. हा अंगठा तुझा? माझाच, साहेब. इथे राहणार सालई लिहिलंय, मतदार यादीतही तू सालईचा, मग उंबरडोहसाठी कसा भांडतोस? रामाजीला ते काही नीट कळलं नाही. तो म्हणाला, गाव तिथं उभं हाये साहेब, चला, मी दाखवतो. साहेबांनी विचारलं, त्या दिवशी कोणी राहत नाही असं तू सांगितलं होतंस का? त्या दिवशी सांगितलेलं खोटं होतं असं तोंडाने म्हणणं म्हणजे मातामायेला परत बोलावणं. सांगतलं होतं, एवढंच रामाजी खाली बघून म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढला. त्यांनाही यात काहीतरी गोंधळ वाटत असावा, कारण पुढचा प्रश्न त्यांनी फार सांभाळून विचारला. हे बघ बाबा, या कागदात कायमचे ओसाड असं लिहिलंय. अंगठा घ्यायच्या आधी या मुलाने हे तुला वाचून दाखवलं होतं का? नसेल दाखवलं तर तसं सांग. मग हा पंचनामाच रद्द होतो, मी पुन्हा मोजणी लावतो. मात्र या मुलाला मी एक दिवसही ठेवणार नाही.

उत्तर रामाजीचं होतं, पण साहेब सोडून खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं की ते दुसराही कोणी देऊ शकत होता. ईश्वरदासची नेमणुकीची ऑर्डर त्याच टेबलावर सहीसाठी पडली होती. त्याला वरचं अक्षर दिसत होतं. बोल, तो स्वतःला म्हणत होता, तीन शब्द आहेत, नाही वाचलं साहेब, बोल.

रामाजीने त्याच्याकडे पाहिलं. चांगलं पाहिलं, उन्हात रान पाहावं तसं डोळे बारीक करून. मग साहेबांकडे वळला.

“वाचून दाखोलं होतं, साहेब. पोराची काही चूक नाही.”

ईश्वरदास मूग गिळून उभा राहिला. साहेबांनी निःश्वास टाकला, फाइल बांधली आणि तिच्याखालची ऑर्डर ओढून तिच्यावर सही केली. कामाचा माणूस, एका बैठकीत दोन कामं झाली.

बाहेर व्हरांड्यात ईश्वरदासला रडू कोसळलं. काहून खोटं बोललात, त्याने विचारलं. रामाजी उलट त्याचीच समजूत घालू लागला.

“तुही भाकर जात होती ना बापू. तू पंगतीले बसला आमच्या, तुले कसा टाकू? अन् गावाचं काय, गाव काही कागदाचं हाये काय उडून जाले? वीस घरं हायेत, हीर हाये. साहेब एक दिवस येईन, डोयानं पाहीन. झालं.”

ईश्वरदासला ठाऊक होतं की साहेब कधी येणार नाहीत. ज्या गावात कोणी राहत नाही असं तीन सह्या आणि दोन अंगठे सांगतात, तिथे पाहायला कोण जातं? हे त्याने रामाजीला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर म्हातारा उलट पावली आत गेला असता, आणि ऑर्डरवरची शाई अजून ओली होती. तो डोळे पुसत राहिला. मग त्याने रामाजीला सीताबर्डीला नेऊन पोटभर जेवू घातलं आणि मौद्याच्या बसमध्ये बसवून दिलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं असतात म्हणतात. याने तर ते मोजूनही घेतले आणि नकाशातून पुसूनही टाकले.

होळीच्या आधी उंबरडोह उठवलं. दोन ट्रक आणि एक दिवस पुरला. त्या वर्षीचा गाव खाली करायचा मंगळवार आला तेव्हा खाली करायला गाव नव्हतं. कोणी सालईत मजुरीला राहिले, कोणी नागपुरात बांधकामांवर आले. भागीरथाबाई त्याच उन्हाळ्यात गेली.

रामाजी पुन्हा एकदा आला, तेव्हा गाव उठून दोन वर्षं होऊन गेली होती. प्रताप नगरच्या बाजूला नवी घरं बांधली जात होती, तिथे तो रात्रीचा पहारेकरी होता. फडकं तेच होतं, पण रंग गेलेला. काही मागायला आलो नाही, त्याने आधीच सांगितलं. तो नकाशा एकदा पाहायचा होता. एवढं सगळं ज्याच्यामुळे झालं, तो असतो तरी कसा, ते एकदा पाहू द्या.

नकाशा साहेबांच्या खोलीबाहेर भिंतीवर काचेत लावला होता. ईश्वरदासने त्याला जवळ नेलं. रामाजीने बराच वेळ पाहिलं. हा नाला, ईश्वरदास बोटाने दाखवत गेला, ही टेकडी, हे सालई. नाल्याचं वळण म्हाताऱ्याने बरोबर ओळखलं, आणि चांगला काढला गा, असंही म्हणाला. मग वळणाच्या अलीकडे त्याचा अंगठा आपोआप गेला. तिथे तुटक गोल होता. हे काय, त्याने विचारलं. हेच आपलं गाव, ईश्वरदास म्हणाला. आत जे लिहिलं होतं ते मात्र याही वेळी त्याने वाचून दाखवलं नाही.

रामाजीचा अंगठा काचेवरून खाली आला, उजव्या कोपऱ्यात थांबला.

“अन् हे काय लिवलं?”

“माह्यं नाव हाये.”

रामाजीने ती अक्षरं पुन्हा पाहिली. वाचता येत नव्हती, पण सुबक आहेत एवढं कोणालाही दिसलं असतं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. असता तर ईश्वरदासने तो आयुष्यभर छातीशी धरून ठेवला असता.

“बरं झालं मंग,” तो म्हणाला. “आपल्या गावचा एक तं राह्यला कागदावर.”

मग त्याने काचेवर पडलेला आपल्या अंगठ्याचा ठसा घोंगडीच्या टोकाने पुसला, आणि कामावर जायची वेळ झाली म्हणून निघाला.